केळीच्या सिस्टिम्स बायोलॉजीसाठी सामायिक, खुला डेटा प्लॅटफॉर्म: जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गटांनी सुरुवात कुठून करावी?

तापीखोरे (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून पाच गट केळीच्या सिस्टिम्स बायोलॉजीवर, म्हणजे झाडातल्या वेगवेगळ्या मोजण्या जोडून पूर्ण चित्र मांडण्यावर, एकत्र काम सुरू करतोय. उष्णतेचा ताण आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हणजे हरण्या रोग एकाच वेळी आले की झाडात नेमकं काय घडतं, हा विषय. एक गट आरएनए-सीक्वेन्सिंग (कोणती जनुकं किती चालू आहेत ते वाचणं) करणार, एक एलसी-एमएस यंत्रावर मेटाबोलाइट, म्हणजे झाडातले छोटे रासायनिक पदार्थ, मोजणार, दोन गट शेतातल्या नोंदी घेणार (पानाचं तापमान, क्लोरोफिल, निसवणीची म्हणजे घड बाहेर पडण्याची तारीख, घडाचं वजन) आणि एक गट या सगळ्यावरून गणिती मॉडेल बांधणार. डेटाचा समन्वय मी बघते.

आराखडा असा: 2 लागवडी (पावसाळ्यातली मृगबाग, पावसाळ्यानंतरची कांदेबाग) × 2 वाण × निरोगी/बाधित × वाढीच्या 4 अवस्था × 5 झाडं = 160. प्रत्येक झाडाचं पान आणि मूळ, म्हणजे 320 नमुने.

प्रश्न:

1. एका कॉलेजचा संगणक विभाग विद्यार्थ्यांकडून नवीन पोर्टल लिहून द्यायला तयार आहे. ते करावं की तयार सॉफ्टवेअर घ्यावं?
2. सर्व्हर केवढा लागेल? जागा जळगावात कॉलेजच्या प्रयोगशाळेतच मिळणार आहे.
3. काय खुलं करायचं आणि कधी?
4. नंदुरबारचा गट म्हणतो, सिकलसेल रुग्णांच्या रक्ताचा डेटाही याच प्लॅटफॉर्मवर ठेवू. चालेल का?

---

गिरणाकाठ

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नवीन पोर्टल लिहू नका. विद्यार्थी पास होऊन जातात, कोड मागे राहतो आणि लॉगिनमधली चूक दुरुस्त करायला कुणी उरत नाही. विद्यार्थ्यांची मदत घ्या, पण ती डेटा तपासणाऱ्या स्क्रिप्टसाठी.

सिस्टिम्स बायोलॉजीसाठीच बनलेलं फेअरडॉम-सीक हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. युरोपातल्या सिसमो या सिस्टिम्स बायोलॉजी कार्यक्रमातून ते पुढे आलं. त्यात डेटा, कार्यपद्धती आणि मॉडेल एकमेकांना जोडून ठेवता येतात, आणि तुम्हाला हवं आहे ते हेच. डेटाव्हर्स हे दुसरं मुक्त सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण ते पूर्ण झालेला डेटासंच प्रकाशित करण्यासाठी. चालू प्रकल्पात कोणता नमुना कोणत्या मोजणीला गेला हे धरून ठेवायला ते अपुरं पडतं.

रचना आयएसए (इन्व्हेस्टिगेशन, स्टडी, असे) पद्धतीची ठेवा. इन्व्हेस्टिगेशन एकच: उष्णता आणि सीएमव्ही. स्टडी दोन: मृगबाग आणि कांदेबाग. त्याखाली 'असे', म्हणजे मोजण्या: आरएनए, एलसी-एमएस, शेतनोंदी. मॉडेलसाठी सीकमध्ये वेगळा प्रकार आहे, त्यामुळे मॉडेलवाल्यांनी आपली फाइल प्रयोगाच्या 'असे'मध्ये कोंबू नये.

बसवताना डॉकर कंपोझ वापरा, त्याने सगळे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद कप्प्यांत (कंटेनरमध्ये) एकदम सुरू होतात. चार कंटेनर उठतात: सीक स्वतः, मागे कामं करणारे वर्कर, नोंदी साठवणारं मायएसक्यूएल आणि सोलर नावाचं शोधाचं सॉफ्टवेअर. 8 जीबी रॅम त्यांनाच सोडा. सगळ्यात आधी, एकही नोंद टाकण्यापूर्वी, अ‍ॅडमिनमध्ये साइटचा कायमचा पत्ता भरा. तो राहिला तर नोंदींचे दुवे लोकलहोस्टच्या, म्हणजे फक्त त्याच संगणकावर चालणाऱ्या, पत्त्यावर तयार होतात. ते एकदा कुणाच्या पेपरात गेले की परत आणता येत नाहीत. आणखी एक: जो पहिला खातं उघडतो तो आपोआप अ‍ॅडमिन होतो. म्हणून सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसण्याआधी पहिलं खातं तुम्हीच उघडा.

सीक्वेन्सिंगच्या मोठ्या फाइली सीकमध्ये अपलोड करू नका. फाइल साठवणीच्या डिस्कवर राहू द्या आणि सीकमध्ये तिचा दुवा व चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) नोंदवा. काम संपल्यावर कच्चा सीक्वेन्स डेटा ईएनए किंवा एसआरए या जागतिक संग्रहात, मेटाबोलाइटांचा डेटा 'मेटाबोलाइट्स' नावाच्या संग्रहात, मॉडेल 'बायोमॉडेल्स' या संग्रहात जाईल. मग तिथे मिळालेले नोंदणी (अ‍ॅक्सेशन) क्रमांक सीकमध्ये भरायचे. आपला प्लॅटफॉर्म हा जोडणारा धागा आहे. पन्नास वर्षांची तिजोरी व्हायचा प्रयत्न त्याने करू नये, ते काम मोठ्या संग्रहांचं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) निधीतून काम होत असेल तर 2021 ची बायोटेक-प्राईड मार्गदर्शक तत्त्वं वाचा. फरीदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर 2022 मध्ये याचसाठी सुरू झालं आहे.

---

सातपुडा_सीक्वेन्स

सॉफ्टवेअरची चर्चा होत राहील, पण असे प्लॅटफॉर्म मोडतात ते बागेत, नमुना तोडला त्या दिवशी. तेव्हाची नोंद चुकली तर नंतर कोणतंही पोर्टल ती दुरुस्त करत नाही. म्हणून आधी नमुन्याचा क्रमांक ठरवा.

क्रमांकात अर्थ भरू नका. गाव, वाण, तारीख, अवस्था असं सगळं कोंबलेलं नाव लोक आवडीने बनवतात आणि वाण चुकला हे नंतर कळलं की क्रमांकच खोटा पडतो. नुसता पाच आकडी क्रम आणि शेवटी एक तपासणी-अंक पुरे. लुन पद्धतीने 00417 चा तपासणी-अंक 6 येतो, म्हणून नमुना 00417-6. कुणी आकडे उलटे करून 00471-6 लिहिलं तर तिथे 3 हवा होता हे स्क्रिप्ट लगेच सांगते. क्रमांकात इंग्रजी ई अक्षर तर अजिबात नको. प्लेटवरच्या खान्यावरून 2ई5 असं नाव दिलं की एक्सेल त्याचा 200000 करून टाकतं, आणि फाइल जतन झाल्यावर मूळ नाव परत मिळत नाही.

लेबल थर्मल ट्रान्स्फरचं, रेझिन रिबनचं घ्या. पावतीसारखा डायरेक्ट थर्मल कागद मे महिन्यात रावेर-यावलच्या बागेत गाडीच्या डॅशबोर्डवर काळा पडतो. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये (-80) जाणाऱ्या नळीवर क्रायो-लेबलच हवं, साधा डिंक सुटून येतो.

नमुन्याच्या तक्त्यात हे रकाने सक्तीचे करा: लागवडीची तारीख (नुसतं 'मृगबाग' लिहून भागत नाही, जून आणि ऑगस्टमध्ये फार फरक आहे), तोडल्याची तारीख आणि वेळ, वरून कितवं पान, द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्याची वेळ, आरएनए काढल्याची तारीख, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे तो अंक), लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) बनवल्याची तारीख, सीक्वेन्सरमधला लेन क्रमांक. वेळ का? झाडाची कितीतरी जनुकं घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. एका गटाने सकाळी 8 ला पान तोडलं आणि दुसऱ्याने दुपारी 2 ला, तर दिसणारा फरक उष्णतेचा की दुपारचा, हे सांगता येणार नाही. सगळ्यांनी एकच तास ठरवा.

लेनबद्दल कडक राहा. मृगबागेचे सगळे नमुने एका बॅचमध्ये आणि कांदेबागेचे सगळे दुसऱ्या बॅचमध्ये सीक्वेन्स केले, तर हंगाम आणि बॅच कधीच वेगळे करता येणार नाहीत; कोणतंही संख्याशास्त्र तिथे वाचवत नाही. मृगबागेचं आरएनए -80 ला थांबवून ठेवा आणि दोन्ही हंगाम मिसळून लायब्ररी बनवा.

हरण्यासाठी खास सूचना. झाडाच्या संदेशवाहक आरएनएला असतं तसं पॉली-ए शेपूट सीएमव्हीच्या आरएनएला नसतं. लायब्ररी पॉली-ए निवडीने बनवली तर विषाणूचे रीड्स (वाचलेले तुकडे) जवळजवळ गळून जातात आणि बाधित झाड निरोगी दिसू शकतं. राइबोसोमल आरएनए काढून टाकणारी पद्धत घ्या. 'बाधित' हा शिक्का डोळ्यांनी पिवळे पट्टे बघून देऊ नका, एलायझा किंवा आरटी-पीसीआर करा आणि कोणती चाचणी केली त्याचा रकाना ठेवा.

आता जनुकांची नावं. केळीचा संदर्भ जिनोम डीएच-पहांग 2012 साली आला. त्याच्या पुढच्या आवृत्त्या 2016 आणि 2021 मध्ये आल्या, आणि दर वेळी जनुकांचे क्रमांक बदलले. पहिल्या आवृत्तीत नाव जीएसएमयूए ने सुरू होतं, दुसरीत एमए ने, चौथीत मॅकमा4 ने. एका गटाची यादी दुसऱ्या आवृत्तीवर आणि दुसऱ्याची चौथीवर असेल तर जोडणीत शेकडो जनुकं मुकाट्याने गळतात आणि संगणक काही तक्रार करत नाही. जिनोम आवृत्ती आणि अ‍ॅनोटेशन (जनुकांच्या यादीची) आवृत्ती असे दोन वेगळे रकाने प्रत्येक मोजणीच्या तक्त्यात हवेतच. एक आवृत्ती सगळ्यांसाठी ठरवा आणि प्रकल्प संपेपर्यंत तीच वापरा. नवीन आली तर शेवटी एकदाच, सगळ्यांनी मिळून बदला.

---

शहादा_एमएस

एलसी-एमएससाठी थोडक्यात. यंत्राची मूळ फाइल आणि एमझेडएमएल ही खुल्या स्वरूपाची प्रत, दोन्ही ठेवा. ती प्रत बनवणाऱ्या प्रोटिओविझार्डच्या एमएसकन्व्हर्टमध्ये पीक-पिकिंग (शिखरं निवडणारा) हा फिल्टर यादीत पहिलाच असला पाहिजे. तो खाली गेला तर यंत्र-कंपनीची पद्धत वापरली जात नाही आणि शिखरांचा दर्जा घसरतो. सगळ्या नमुन्यांतून थोडं थोडं घेऊन केलेला सामायिक क्यूसी (दर्जा तपासणीचा नमुना) दर 8-10 इंजेक्शनांनंतर चालवा, सुरुवातीला आणि शेवटी कोरे नमुने घाला. इंजेक्शनचा अनुक्रम हा रकाना नसेल तर दिवसभरात सरकलेली संवेदनशीलता नंतर दुरुस्त करता येत नाही.

---

तापीखोरे

खूप उपयोगी. लेन मिसळण्याचा मुद्दा आमच्या आराखड्यात नव्हताच, तो आजच घालते.

दोन अडचणी सांगते. शेतनोंदी घेणारी मंडळी मराठीत लिहितात: वाणाच्या रकान्यात कुणी ग्रँड नैन, कुणी जी-9, कुणी जी नाईन. तारखा कधी 5/6, आकडे कधी देवनागरी. त्यांना इंग्रजी फॉर्म देणं मला बरोबर वाटत नाही. आणि प्रयोगशाळेत वीज जाते, मे महिन्यात खोली तापते. सर्व्हर तिथे टिकेल का?

---

पांझरा_सर्व्हर

इंग्रजी फॉर्म देऊच नका ताई. मराठी फॉर्म ठेवा, फक्त निवडीचे रकाने मोकळे सोडू नका. फोनवर ओडीके किंवा कोबोसारख्या फॉर्ममध्ये पर्याय मराठीत दिसतो आणि आत ठरलेला कोड साठतो. वाण: दिसायला 'ग्रँड नैन (जी-9)', आत एकच कोड. अवस्था: दिसायला 'निसवण', आत केळीच्या क्रॉप ऑन्टोलॉजीतली (पिकांच्या ठरलेल्या संज्ञांच्या यादीतली) संज्ञा, तिचा क्रमांक सीओ_325 पासून सुरू होतो. जातीसाठी एनसीबीआय टॅक्सॉनॉमीत मुसा अ‍ॅक्युमिनाटाचा क्रमांक 4641. तारीख कॅलेंडरवरून निवडायला लावा म्हणजे ती 2025-06-05 अशी साठेल, 5 जून की 6 मे हा वाद संपला. देवनागरी आकड्यांना घाबरू नका: पायथॉन ते थेट संख्येत वाचतं. एक्सेल मात्र बऱ्याचदा त्यांना मजकूर समजतं आणि सरासरीतून गुपचूप वगळतं. शेरा हा रकाना मोकळा ठेवा, मराठीतच. 'काल गारपीट', 'खत उशिरा' असल्या ओळी पुढे सोन्याच्या ठरतात.

फाइलची नावं मात्र देवनागरीत ठेवू नका. 'शेतकऱ्यांची यादी' यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा र ला हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाला दोन वेगळी नावं. शिवाय काही सिस्टिम ऱ ला र आणि नुक्ता असं फोडून साठवतात. एका लॅपटॉपवरून दुसरीकडे नेलेली फाइल 'सापडत नाही' होते ती यामुळे. रकान्यांच्या आतला मराठी मजकूरही साठवण्यापूर्वी एनएफसी (युनिकोडच्या ठरलेल्या एकसारख्या) रूपात आणा, आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाचं रूप वेगळ्या नियमाने ऱ मध्ये बदला, कारण एनएफसी ते बदलत नाही.

साठवणीचा हिशेब: 150 बेसच्या दुहेरी रीड्सच्या 2 कोटी जोड्या म्हणजे 6 अब्ज बेस; दाबलेल्या फास्टक्यू फाइली (सीक्वेन्सरचे कच्चे रीड्स) मिळून नमुन्यामागे साधारण 3-4 जीबी. 320 × 4 = 1.28 टीबी. बॅम फाइली (रीड्स जिनोमवर बसवल्यावर बनणाऱ्या) तेवढ्याच, एलसी-एमएस आणि मधल्या फाइली धरून 4-5 टीबी. 8 टीबीच्या 4 डिस्क झेडएफएस या फाइल-प्रणालीच्या रेडझेड2 रचनेत लावा: 16 टीबी जागा मिळते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. 80 टक्क्यांपुढे भरू नका. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं). रॅम ईसीसी म्हणजे चुका दुरुस्त करणारी, 64 जीबी.

रेड (अशी डिस्कची जोडणी) हा बॅकअप नव्हे. कुणी फोल्डर पुसला तर चारही डिस्कवरून तो इमानदारीने पुसला जातो. दुसरी प्रत धुळ्याच्या गटाकडे रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरने रोज रात्री, तिसरी डिस्कवर काढून कपाटात. मायएसक्यूएलचा डंप (नोंदींची प्रत) आणि सीकचा फाइलस्टोअर (फाइलींचं फोल्डर) एकाच वेळी घ्या, नाहीतर नोंद आहे आणि फाइल नाही असा प्रकार होतो. सोलरची प्रत नको, ती पुन्हा बांधता येते. दर तिमाहीला एखादी फाइल बॅकअपमधून उतरवून तिचा चेकसम मूळ फाइलशी ताडून बघा. पहिली भरणी इंटरनेटवरून करू नका: 1.28 टीबी 20 एमबीपीएसने पाठवायला आदर्श स्थितीतही जवळजवळ 6 दिवस लागतात. डिस्क धुळ्याला नेऊन भरा, नंतर रोजचा फरक तेवढा जाऊ द्या.

विजेसाठी: यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. नुसता यूपीएस ठेवून भागत नाही, बॅटरी संपली की धाडकन बंदच पडतो. एनयूटी हे सॉफ्टवेअर बॅटरी आपण ठरवलेल्या पातळीवर, समजा 30 टक्क्यांवर, आली की सर्व्हर नीट बंद करतं. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. आणि एसी असा घ्या की वीज आल्यावर स्वतःहून चालू होईल. शनिवारी रात्री वीज जाऊन आली, सर्व्हर उठला, एसी बंदच राहिला आणि बाहेर 45 अंश: सोमवारपर्यंत डिस्क भाजतात. डिस्कचं तापमान 50 च्या वर गेलं की मेसेज यावा आणि 55 ला सर्व्हर बंद व्हावा, एवढी स्क्रिप्ट त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लिहायला द्या. उत्तम काम आहे ते.

---

ओडीई_अमळनेर

मॉडेलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिस्टिम्स बायोलॉजी इथे घडते, बाकीचं तिच्यासाठीची जमवाजमव.

मॉडेल एसबीएमएल लेव्हल 3 या खुल्या मॉडेल-स्वरूपात ठेवा. कोपासी या मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल सोबत असू द्या, पण मुख्य प्रत एसबीएमएल. सिम्युलेशन कसं चालवलं (किती वेळ, कोणता सॉल्व्हर, कोणता आलेख) ते एसईडी-एमएल या वेगळ्या स्वरूपात, आणि दोन्ही मिळून कंबाइन आर्काइव्ह नावाची एकच गठ्ठा-फाइल. नुसतं समीकरण दिलं आणि सुरुवातीच्या किमती दिल्या नाहीत तर दुसऱ्याला तो आलेख कधीच काढता येत नाही.

ठरलेली गफलत एककांत होते. एसबीएमएलमध्ये पदार्थ 'प्रमाण' (एकूण किती) म्हणून धरला की 'संहती' (दर आकारमानात किती) म्हणून, हे एका खुणेवर ठरतं. कप्प्याचं आकारमान 1 असेपर्यंत दोन्ही उत्तरं सारखी येतात, म्हणून चूक दिसतच नाही. हरितद्रव्यकणाचं खरं आकारमान घातलं की सगळं बिघडतं. म्हणून तपासणीत एकदा मुद्दाम आकारमान 2 करून चालवा, आणि तेच मॉडेल कोपासी व टेल्युरियम अशा दोन ठिकाणी चालवून आकडे जुळवा.

प्रत्येक पॅरामीटरसमोर तो कुठून आला ते हवं: आपल्या मोजणीतून (मग नमुना क्रमांक आणि डेटा फाइलची आवृत्ती), प्रकाशित पेपरातून, की फिट करून. उष्णतेचा अभ्यास आहे, तेव्हा मोजलं त्या वेळचं पानाचं तापमानही. एन्झाइमचा वेग 25 अंशांवर मोजलेला आणि मॉडेल 44 अंशांवर चालवायचं, ही उडी कोणत्या सूत्राने घेतली ते लिहिलंच पाहिजे. पदार्थांना सीएचईबीआय आणि विक्रियांना रिया या खुल्या नोंदसंग्रहांतले क्रमांक जोडा. 'एस1', 'एस2' नावाच्या पदार्थांचं मॉडेल एलसी-एमएसच्या तक्त्याशी कधीच जोडता येत नाही.

---

गिरणाकाठ

ताईंचे 3 आणि 4 राहिले.

चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. केळीचा डेटा आणि माणसांचा आरोग्य-डेटा एका प्लॅटफॉर्मवर नको. पाड्याचं नाव, वय आणि लिंग एवढ्या तीन रकान्यांवरून लहान पाड्यातला माणूस ओळखू येतो, नाव काढून काही होत नाही. सिकलसेलचा निकाल उघड झाला तर लग्न जुळताना त्या घरावर परिणाम होतो. त्यासाठी आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं, नैतिक समितीची मंजुरी, रुग्णाच्या भाषेत घेतलेली संमती आणि नियंत्रित प्रवेशाचा वेगळा संग्रह लागतो. संमतीपत्रात 'खुलं' हा शब्द नसताना नंतर खुलं करता येत नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीतही सांभाळा. जमिनीचा गट क्रमांक खुल्या तक्त्यात कधीच टाकू नका. सातबारा कुणालाही ऑनलाइन बघता येतो, म्हणजे गट क्रमांक दिला की मालकाचं नाव दिलंच. जीपीएस चार दशांशांपर्यंत दिलं तर सुमारे 11 मीटरपर्यंत जागा कळते. दोन दशांश ठेवा, म्हणजे सुमारे 1 किलोमीटर. हवामानाशी जोडायला तेवढं पुरतं. अचूक जागा वेगळ्या, बंद तक्त्यात. अमुक बागेत हरण्या आहे हे व्यापाऱ्याला कळलं की त्या बागेचा भाव पडतो, आणि पुढच्या वर्षी कुणी आपल्याला बांधावर उभं करणार नाही.

खुलं करण्याचं वेळापत्रक कामाला लागण्याआधी दोन पानी करारात लिहा, पाचही प्रमुखांच्या सह्यांसह. माझी सूचना: नमुन्यांची यादी आणि कार्यपद्धती पहिल्या दिवसापासून खुल्या, मोजणीचा डेटा पाच गटांना लगेच, जगाला पेपरबरोबर किंवा मोजणी संपल्यावर 12 महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा. डेटाला सीसी बाय 4.0 हा परवाना (श्रेय देऊन कुणीही वापरावं), कोडला एमआयटी परवाना. 'अव्यावसायिक' अट घालू नका. तिच्यामुळे रोपं बनवणारी टिश्यू कल्चर प्रयोगशाळाही डेटा वापरायला कचरते आणि शेतकऱ्याचा फायदा अडतो. परदेशी भागीदार येणार असेल तर 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी बघा. आणि निधी संपल्यावर काय, तेही करारातच: डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) असलेली पूर्ण प्रत झेनोडो या खुल्या संग्रहावर (एका नोंदीला 50 जीबी चालतात) आणि पत्ता पुढे कुणाकडे राहणार, त्या पदाचं नाव. व्यक्तीचं नको, पदाचं.

---

तापीखोरे

सगळ्यांचे आभार. नंदुरबारच्या गटाला गिरणाकाठ भाऊंचं उत्तर जसंच्या तसं दाखवते. मृगबागेची लागवड जवळ आली आहे. त्याआधी चार आठवडे हाताशी आहेत, त्यात काय उरकू?

---

सातपुडा_सीक्वेन्स

एक पूर्ण फेरी चालवून बघा, खऱ्या प्रयोगाबाहेरच्या चार झाडांवर. लेबल छापा, पान आणि मूळ तोडा, फोनवर मराठी फॉर्म भरा, आठही नमुने सीकमध्ये चढवा. सीक्वेन्सिंगचा खर्च नको, कोणत्याही खुल्या संग्रहातल्या केळीच्या छोट्या फास्टक्यू फाइली उतरवून त्या नमुन्यांच्या नावाने जोडा. मग ईएनएच्या चाचणी सर्व्हरवर, वनस्पती नमुन्यांच्या चेकलिस्टने, खोटी जमा करून बघा. तिथलं दर 24 तासांनी पुसलं जातं, त्यामुळे बिनधास्त करा. एमडी5 (फाइलचा चेकसम) जुळत नाही, रकाना रिकामा आहे, वेळ लिहिण्याची पद्धत चुकली, असल्या सगळ्या चुका तिथेच बाहेर येतात. सीकमधला नमुन्याचा साचा त्यानंतरच पक्का करा, कारण शेकडो नमुने भरल्यावर त्यात बदल करणं जिकिरीचं जातं.

शेवटची पायरी दुसऱ्या गटाला करायला लावा. धुळ्याच्या माणसाला फक्त नळीवरचा क्रमांक सांगा आणि तुम्हाला फोन न करता लागवडीची तारीख, तोडल्याची वेळ, फास्टक्यू आणि कार्यपद्धतीचं पान शोधून काढायला सांगा. तो जिथे अडेल तो रकाना किंवा दुवा कमी आहे.

---

पांझरा_सर्व्हर

आणि त्याच आठवड्यात एकदा दुपारी मेन स्विच पाडून बघा ताई. यूपीएसवर किती मिनिटं चालतो, नीट बंद होतो का, वीज आल्यावर चारही कंटेनर आपोआप उठतात का. डॉकर कंपोझमध्ये रीस्टार्टचा पर्याय लिहिला नसेल तर सर्व्हर उठतो आणि सीक झोपलेलंच राहतं.